ग्राहकाचा हक्क आणि ग्राहकाची भाषा

दरवर्षी २४ डिसेंबर उजाडला की राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याची ही आठवण. सभा भरतात, हारतुरे होतात, ‘ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे’ हे वाक्य पुन्हा एकदा उच्चारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी हा राजा हातात न कळणारा कागद धरून पुन्हा बँकेच्या खिडकीसमोर उभा राहतो. सीमाभागातील मराठी ग्राहकाच्या बाबतीत तर हे राजेपण अधिकच केविलवाणे आहे. कारण फसवणूक त्याच्याही वाट्याला इतरांइतकीच येते. परंतु ती आपल्या भाषेत समजावून घेण्याची सोय त्यास नाही, अथवा असलेली सोय त्यास ठाऊक नाही.

निपाणी, खानापूर किंवा भालकीसारख्या गावातील एखादी वृद्ध विधवा डोळ्यांसमोर आणावी. पतीच्या पश्चात हाती आलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवावी म्हणून ती बँकेत जाते. तेथील मनुष्य गोड बोलतो, खुर्ची देतो, चार ठिकाणी खुणा करून ‘येथे सही करा’ म्हणतो. बाई सही करते. वर्षाने पैशांची गरज पडते तेव्हा तिला कळते की, ती ठेव नव्हतीच. तो विमा होता, आणि अजून चार वर्षे तेवढाच हप्ता भरल्याखेरीज त्यातून काही हाती लागावयाचे नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी वा शेजारी असा प्रकार घडलेला असेल. असे झाले की लोक म्हणतात, ‘बाई अडाणी, वाचल्यावाचून सही केली!’ हा आरोप खोटा आहे. बाई मराठी सातवी झालेली आहे. रोजचे वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ती निरक्षर नाही. कागद तिच्या भाषेत नव्हता, एवढेच.

अशा बाईने जावे कोठे? वकिलाकडे जाण्याचे धाडस नाही, आणि अधिकाऱ्यापुढे बोलावयाचे तर भाषेची अडचण. म्हणून ती गप्प बसते. तथापि आज हे गप्प बसणे अपरिहार्य राहिलेले नाही. केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत ग्राहकांसाठी दूरध्वनीवर आणि संगणकाच्या जाळ्यावर जी साधने उभी केली आहेत त्यांची दखल घेणे, आणि त्यांतून सीमाभागातील मराठी माणसास काय घेता येईल व काय मागता येईल हे सांगणे, हा आजच्या लेखाचा हेतू आहे.

पहिले साधन म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिचा क्रमांक १९१५. हा क्रमांक फिरवण्यास पैसे पडत नाहीत, आणि तेथे सतरा भाषांतून बोलता येते. त्यांत मराठी आहे, तशी कानडीही आहे. ज्यास मोबाइलवर लिहिता येते त्याने हेल्पलाइनच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ज्यास ते जमत नाही त्याने बोलून नोंदवावी. तक्रारीस क्रमांक मिळतो, ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते आणि कंपनीचे उत्तर तक्रारदारास कळवले जाते. बिघडलेले यंत्र बदलून न देणारा कारखानदार, घेतलेले पैसे परत न करणारा घरपोच विक्रेता, न झालेल्या प्रवासाचे भाडे अडकवून ठेवणारी कंपनी, अशांना बहुधा एवढा धक्का पुरतो. परंतु येथे भाबडेपणा नको. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे. कंपनीने साफ नकार दिला तर तिला शिक्षा करण्याचा किंवा भरपाई देवविण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. ती दाव्यापूर्वीची पायरी आहे. पायरीवर बसून राहणाऱ्यास घरात प्रवेश मिळत नाही.

तो प्रवेश जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. १९८६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्यात सीमाभागाच्या दृष्टीने फार महत्त्वाची एक तरतूद आहे. पूर्वी तक्रार कोठे करावयाची हे मुख्यतः विक्रेत्याच्या ठिकाणावर अवलंबून असे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे पोटासाठी काम करतो तेथील आयोगाकडेही त्यास दाद मागता येते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. बेळगावच्या माणसाने कोल्हापुरात शीतकपाट घेतले, पणजीत गाडी घेतली किंवा मुंबईच्या कंपनीकडून घरबसल्या काही मागवले, तरी तक्रार बेळगावातच करता येईल. नकाशावर ओढलेली जी रेषा आम्हांस प्रत्येक कामात आडवी येते, ती निदान या एका कायद्याने ग्राहकाच्या वाटेतून बाजूस केली आहे.

आणखीही सवलती आहेत. ज्या वस्तूसाठी वा सेवेसाठी दिलेला मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत आहे, ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्कच नाही. वकील देण्याची सक्ती नाही. ग्राहकास स्वतः उभे राहता येते. तक्रार संगणकावरून दाखल करता येते. त्यासाठी २०२० साली ‘ई-दाखिल’ ही व्यवस्था सुरू झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही नवी एकत्रित व्यवस्था आली. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीस हजर राहण्याची परवानगी मागता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे उलटू दिली तर उशिराचे सबळ कारण आयोगास पटवून द्यावे लागते. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत लागावा, असा कायद्याचा उद्देश आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पण उशिरा लागणारा निकाल आणि कधीच न केलेली तक्रार, यांतील पहिलाच बरा.

बँक आणि विमा यांच्यासाठी स्वतंत्र वाटा आहेत. बँकेविरुद्ध प्रथम बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे; २०२१ पासून देशभरच्या तक्रारी एकाच संकेतस्थळावर घेतल्या जातात आणि त्यास शुल्क नाही. विम्यासाठी विमा नियामकाचे ‘बिमा भरोसा’ हे दालन आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विमापत्र हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ते नापसंत असल्यास परत करता येते. आमच्या त्या बाईस ही एक गोष्ट तिच्या भाषेत कोणी वेळीच सांगितली असती, तर तिची पुंजी अडकून पडली नसती. बँकेतून परस्पर पैसे लांबवले गेल्यास १९३० हा क्रमांक आहे; तेथे तासाचाही विलंब न लावता कळवावे, कारण पैसा पुढच्या खात्यांतून पांगण्याआधीच तो गोठविता येतो. सोने घेताना हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांची खूण पाहावी आणि ती मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील साधनात घालून दुकानातच पडताळावी. आणि एक इशारा. कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक इंटरनेटवर शोधू गेले असता चोरांनी पेरून ठेवलेले क्रमांक पुढे येतात. म्हणून क्रमांक पावतीवरचा, पासबुकावरचा किंवा अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्यावा. ओटीपी मागणारा मनुष्य, मग तो कोणत्याही भाषेत कितीही गोड बोलो, आपला हितकर्ता नव्हे.

येथवर झाली माहिती. आता मूळ मुद्द्याकडे वळू.

१९१५ हा क्रमांक फिरवणाऱ्यास मराठीत बोलावयाचे की कानडीत हे तो मनुष्य स्वतः ठरवतो. तो बेळगावातून बोलत असो की बार्शीतून, त्याची भाषा त्याच्या तोंडात आहे, त्याच्या तालुक्याच्या सरकारी नोंदीत नव्हे, हे तेथे गृहीत धरलेले आहे. आता बँकेच्या खिडकीकडे या. रिझर्व्ह बँकेचा दंडक असा की, सर्वसामान्य ग्राहकांच्या वापराचे छापील कागद, म्हणजे खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या चिठ्ठ्या, पासबुके इत्यादी, इंग्रजी, हिंदी आणि त्या त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत असावेत. दंडक उत्तम आहे. परंतु ‘प्रदेशाची भाषा’ म्हणजे कोणती? व्यवहारात तिचा अर्थ राज्याची भाषा असाच केला जातो. विम्याचेही तसेच. आरोग्यविम्याच्या माहितीपत्रकाचा गोषवारा विमेदाराची इच्छा असल्यास स्थानिक भाषेत द्यावा, असे विमा नियामकाने सांगितलेले आहे. पण खानापूर तालुक्यातील एखाद्या गावची ‘स्थानिक’ भाषा कोणती, हे त्या गावच्या चावडीवर बसून ठरावयाचे की दूरच्या कचेरीतील छापील तक्त्यावरून?

बंद पाकिटांतील मालाचीही गोष्ट पाहावी. उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, ग्राहकाने तक्रार कोठे करावी तो पत्ता, हे सर्व वेष्टनावर छापणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. भाषा मात्र देवनागरी हिंदी किंवा इंग्रजी, यांपैकी कोणतीही चालते. इतर भाषा जोडीस छापण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. साहजिकच बहुतेक कारखानदार इंग्रजी छापून मोकळे होतात. देवनागरी वाचणाऱ्या आमच्या वृद्धांस निदान हिंदीवरून अर्थ लागला असता, तेही नाही. हा अन्याय एकट्या मराठी माणसावर होत नाही. धारवाडच्या कानडी शेतकऱ्याच्या घरी जाणाऱ्या कीटकनाशकाच्या बाटलीवरील इशाराही त्यास समजेल असा असला पाहिजे, आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील कानडी बांधवास त्याच्या बँकेचा कागद कानडीत मिळाला पाहिजे. आपल्या भाषेसाठी जे मागतो ते दुसऱ्याच्या भाषेस नाकारणारा मनुष्य न्याय मागत नसतो, वरचष्मा मागत असतो. आम्हांस वरचष्मा नको आहे.

‘वस्तूच्या दर्जाचा, किमतीचा प्रश्न, त्यात भाषेचे लचांड कशाला?’ असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप वरवरचा आहे. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या विधिमंडळास पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. आमच्या १९८६ च्या कायद्याने त्यांत गाऱ्हाण्याच्या निवारणाचा आणि ग्राहक-शिक्षणाचा हक्क घालून सहा केले. वस्तूचा दर्जा, परिमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा त्यांपैकी एक हक्क होय. आता, न कळणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही माहिती आहे काय? आंधळ्याच्या हाती आरसा देऊन ‘तुला तुझे रूप दाखविले’ असे म्हणण्यासारखेच ते आहे. माहितीचा हक्क, शिक्षणाचा हक्क, म्हणणे मांडण्याचा हक्क, हे तिन्ही भाषेच्या वाहनावाचून घरापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा भाषेचा प्रश्न ग्राहकाच्या प्रश्नात आम्ही घुसडीत नसून तो मुळातच त्यात आहे.

आणि आमची ही मागणी राज्यघटनेच्या बाहेरची नाही. केंद्राच्या अथवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीस दिलेला आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, त्यास जोड म्हणून भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. जेथे अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण शेकडा पंधरा किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे संरक्षक तत्त्वही मान्य झालेले आहे. तेच माप बँकांच्या ‘प्रदेशाच्या भाषेस’ आणि विम्याच्या ‘स्थानिक भाषेस’ लावावे. भाषा राज्याच्या नावावरून न ठरवता तालुक्याच्या लोकसंख्येवरून ठरवावी, एवढेच आमचे मागणे आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल, आणि तो न्याय्यच लागेल ही आमची श्रद्धा अढळ आहे. परंतु बाईची पुंजी त्या निकालापर्यंत थांबून राहात नाही. बँकेचा अर्ज मराठीत छापण्यासाठी कोणाची हद्द हलवावी लागत नाही. फक्त छापखान्यात एक मजकूर वाढवावा लागतो.

सरकारास एवढे सुनावल्यानंतर दोन शब्द स्वतःलाही सुनावणे प्राप्त आहे. १९५६ च्या जानेवारीत ज्या बेळगावने छातीवर गोळ्या झेलल्या, त्या बेळगावचा नागरिक दुकानात ‘पावती नको, राहू द्या’ म्हणून का परततो? पावती नाही तेथे पुरावा नाही, आणि पुरावा नाही तेथे तक्रार उभी राहात नाही. हेल्पलाइनवर मराठी बोलता येते, हे आमच्यापैकी किती जणांनी अजमावून पाहिले? कित्येकांचा समज असा की, सरकारी क्रमांक म्हणजे हिंदी किंवा इंग्रजी. म्हणून ते मोडक्या हिंदीत अर्धीमुर्धी तक्रार सांगतात किंवा सांगतच नाहीत. हक्क न बजावल्याने गंजतो. उद्या एखादा अधिकारी ‘तुमच्या भागातून मराठीत कोणी विचारतच नाही, मग सोय वाढवावी कोणासाठी?’ असे म्हणाला, तर त्यास उत्तर देण्यासाठी आपल्यापाशी तक्रारींचे क्रमांक असले पाहिजेत. मराठीत नोंदविलेली प्रत्येक तक्रार दोन कामे करते. ती तक्रारदाराची भरपाई मागते, आणि येथे मराठी माणूस राहतो याची साक्षही देते. मोर्चाला जमलेली गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते. नोंदवहीतील ओळ पांगत नाही.

या कामी आम्हांस घरचाच एक वारसा आहे. ग्राहकाचा कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले. सामान्य गृहिणींनी एकत्र येऊन घाऊक माल आणावा आणि आपापसांत वाटून घ्यावा, अशा साध्या कामातून ती चळवळ वाढली. चार शेजारणी जमल्या तर बाजाराशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते, हे तिने दाखवून दिले. मग सीमाभागात चार शेजारी का जमू नयेत?

म्हणून आम्ही काही निश्चित सूचना करतो. गावोगावच्या मराठी वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ग्राहकांसाठी राखून ठेवावी. महाविद्यालयातील दोन तरुण, त्यांच्या हाती एक मोबाइल, आणि एक नोंदवही, यापलीकडे भांडवल लागत नाही. वृद्धांची तक्रार त्यांनी मराठीत ऐकावी, १९१५ वर किंवा ई-जागृतीवर ती कशी करावयाची ते दाखवावे, क्रमांक वहीत उतरून घ्यावा, आणि महिन्याने त्याचे काय झाले ते विचारावे. कोणाचाही ओटीपी वा पासबुक मात्र त्यांनी आपल्याकडे ठेवू नये. महिला मंडळांनी विम्याच्या आणि ठेवीच्या अर्जांचे नमुने आणून सभेत वाचून दाखवावेत. वकील मंडळींनी महिन्याकाठी एक तास द्यावा.

महाराष्ट्र सरकारकडूनही एक अपेक्षा आहे, आणि ती भाषणाची नव्हे. ग्राहक संरक्षणाचा कायदा केंद्राचा आहे. कोल्हापुरास लागू असलेले कलम बेळगावासही जसेच्या तसे लागू आहे. तेव्हा महाराष्ट्रातील ग्राहकांसाठी मराठीत छापलेली पुस्तिका सीमाभागातही शब्दशः उपयोगी पडते. बदलावयाचा तो केवळ स्थानिक कचेऱ्यांचा पत्ता. अशा पुस्तिकांचे गठ्ठे सीमाभागातील वाचनालयांकडे पाठविण्यास न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. सीमाभागाविषयीचा जिव्हाळा सिद्ध करावयाचा असेल तर हे अल्प खर्चाचे काम महाराष्ट्राने आधी करून दाखवावे.

शेवटी पुन्हा त्या बाईकडे. तिचे वर्ष उलटून गेले आहे, परंतु दोन वर्षांची मुदत अद्याप संपलेली नाही. बँकेस लेखी तक्रार देण्यास, लोकपालाकडे जाण्यास आणि प्रसंग पडल्यास जिल्हा आयोगाची पायरी चढण्यास वेळ आहे. तिला गरज आहे ती कागद घेऊन शेजारी बसणाऱ्या आणि ‘मावशी, यात असे लिहिले आहे’ म्हणून मराठीत सांगणाऱ्या एका माणसाची. तो माणूस पाठविणे सरकारच्या हाती नाही. तो आपल्यातूनच निघाला पाहिजे, आणि येत्या ग्राहक दिनाची वाट न पाहता आजच निघाला पाहिजे.